यंत्रमानवाच्या छातीत काय ठेवायचं?

रोबोच्या गोष्टी लिहिणारी, चित्रं काढणारी बरीच मंडळी मला आपली रेखाटनं दाखवतात. बहुतेकांच्या रोबोला छातीच्या मधोमध एक निळा चमकणारा गोळा असतो आणि त्याला बाण काढून 'हृदय' असं लिहिलेलं असतं. मी विचारते, यातून बाहेर काय जातं? परत काय येतं? हा बंद पडला तर आधी काय बंद पडेल, हात की डोकं? उत्तर येत नाही, कारण तो गोळा छाती रिकामी दिसू नये म्हणून काढलेला असतो. मग गोष्टीत पुढे त्या रोबोच्या जिवाला धोका होतो तेव्हा वाचकाच्या काळजात काही हलत नाही. धोका नेमका कशाला आहे, हेच त्याला कळलेलं नसतं.

मी गेली अठरा वर्षं रुग्णालयांतली यंत्रं दुरुस्त करते. डायलिसिसची यंत्रं, सिरिंज पंप, मॉनिटर. घरी आल्यावर गोष्टींमधल्या रोबोंचे अवयव काढते, आतून, उभा छेद घेऊन. दोन्ही कामं मला एकच वाटतात. या लेखात मी रोबोचं हृदय कसं ठरवते ते सांगणार आहे. हातात कागद-पेन्सिल आणि कॅल्क्युलेटर असू द्या.

आधी वाहतं काय ते ठरवा

हृदयापासून सुरुवात करू नका, रक्तापासून करा. आपलं हृदय स्वतः रक्त तयार करत नाही, ते फक्त ढकलतं. विल्यम हार्वेनं 1628 साली रक्ताभिसरणावरचं पुस्तक छापलं, त्यातला सगळ्यात भक्कम युक्तिवाद साध्या गुणाकाराचा होता. एका ठोक्याला इतकं रक्त बाहेर पडत असेल, तर अर्ध्या तासात हृदयातून जाणारं रक्त अख्ख्या शरीरातल्या रक्ताहून जास्त भरतं. एवढं रक्त सतत नव्यानं बनणं शक्य नाही, म्हणजे तेच रक्त फिरून परत येत असणार. बारीक केशवाहिन्या त्याला दिसलेल्या नव्हत्या. त्या असल्या पाहिजेत, हे त्याला आकड्यांनी सांगितलं. रोबोचं शरीर रचतानाही हाच क्रम धरा. आधी किती वाहतं ते ठरवा, नळ्या कुठे हव्यात ते मग आपोआप कळतं.

रोबोत काय काय वाहू शकतं? वीज, दाबाखालचं तेल, उष्णता, वायू. या प्रत्येकाची खरी उदाहरणं जगात आहेत आणि ती ठाऊक असली की कल्पनेला जमीन मिळते.

मंगळावरच्या क्युरिऑसिटी गाडीचंच घ्या. तिच्या मागच्या बाजूला प्लुटोनियमवर चालणारा वीजस्रोत आहे. निघताना तो साधारण 110 वॅट वीज देत होता, पण उष्णता देत होता सुमारे 2000 वॅट. ती उष्णता वाया जाऊ नये म्हणून गाडीभर नळ्या फिरवल्या आहेत. एक पंप त्यातून द्रव खेळवत ठेवतो आणि थंडीत गाडीच्या पोटातली यंत्रणा ऊबदार राखतो. त्या गाडीत हृदय शोधायचंच झालं तर मी त्या छोट्या पंपावर बोट ठेवीन.

2016 साली हार्वर्डमध्ये एक मऊ, आठ पायांचा छोटा रोबो तयार झाला. त्यात बॅटरी नाही, सर्किट बोर्ड नाही, एकही कडक भाग नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड प्लॅटिनमला लागलं की त्याचा वायू होतो, तो वायू पाय फुगवतो आणि आतल्या केसासारख्या बारीक वाटा आळीपाळीनं उघड-बंद होत ते पेरॉक्साइड कधी या पायांकडे, कधी त्या पायांकडे सोडतात. त्याचा ठोका त्या वाटांच्या रचनेतच आहे. तो वाजवायला वेगळं कोणी लागत नाही.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो कॉर्नेलमधला मासा. 2019 मध्ये तिथल्या संशोधकांनी सिंहमाशासारखा एक रोबो केला. त्याच्या अंगातून झिंक आणि आयोडीनची रसायनं असलेला द्रव खेळत राहतो. तोच द्रव वीज साठवतो आणि तोच दाबानं पोहायचे पर, शेपटी हलवतो. अन्न आणि बळ एकाच प्रवाहात, अगदी आपल्या रक्तासारखं. हिशेबानं तो 36 तासांहून जास्त पोहू शकतो. असा रोबो तुमच्या गोष्टीत असेल तर त्याला झालेली जखम दुहेरी ठरते: गळती झाली की तो एकाच वेळी उपाशीही पडतो आणि लुळाही.

तुमचा रोबो नुसत्या विजेवर चालत असेल तर छातीत पंप काढण्याचा हट्ट सोडा. त्याचं हृदय म्हणजे बॅटरीचा संच आणि वीज वाटून देणारा बोर्ड. पण त्यालाही स्वतःची दुखणी असतात. लिथियमचा एक सेल भरलेला असताना 4.2 व्होल्ट देतो आणि 3 व्होल्टच्या आसपास आला की थांबवावा लागतो. बॅटरी जुनी झाली की शांत उभं असताना सगळं ठीक वाटतं, पण पायांच्या मोटरनी एकदम जोराचा प्रवाह ओढला की व्होल्टेज क्षणभर कोसळतं आणि मेंदूचा प्रोसेसर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. म्हणजे म्हातारा रोबो जिना चढताना पहिल्या पायरीवर शुद्ध हरपतो, दोन-चार सेकंदांनी भानावर येतो आणि आपण इथे का उभे आहोत हे त्याला आठवत नाही. हे मी कल्पनेनं रचलेलं नाही. जुन्या बॅटरीवरचं कुठलंही मोटरवालं यंत्र असंच वागतं. दुरुस्तीला आलेली कितीतरी यंत्रं मी टेबलावर अशीच 'बेशुद्ध' पडलेली पाहिली आहेत.

पंपाचा हिशेब

आता तेलाचा रोबो. हा माझा आवडता, म्हणून इथे जरा रेंगाळणार आहे. बोस्टन डायनॅमिक्स कंपनीचा माणसासारखा रोबो अ‍ॅटलस 2024 च्या एप्रिलपर्यंत तेलाच्या दाबावर उड्या मारत होता, त्यानंतर त्याची जागा विजेच्या अ‍ॅटलसनं घेतली. कारखान्यांतून तेलाचे हात अजून भरपूर आहेत, आणि गोष्टीतल्या रोबोला तर कसलीच घाई नाही.

एक सूत्र वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: दाब बारमध्ये (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब), प्रवाह मिनिटाला किती लिटर तो. दोन्हींचा गुणाकार करून 600 नं भागा, किलोवॅट मिळतात.

आधी माणसावर वापरून बघू. विश्रांतीत आपलं हृदय मिनिटाला साधारण 5 लिटर रक्त ढकलतं. सरासरी दाब पाऱ्याच्या 100 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे 0.13 बार. गुणाकार, भागाकार केला की येतो सुमारे 1 वॅट. एवढ्याशा ताकदीवर जन्मभर चालतं ते. आता रोबो. तेलाच्या यंत्रणेत 210 बार हा अगदी नेहमीचा दाब. जोरात हालचाल करताना मिनिटाला 10 लिटर लागतात असं धरू. उत्तर साडेतीन किलोवॅट. माणसाच्या हृदयाच्या तीन हजारपट.

हा आकडा वहीत पडला की बाकीचं शरीर स्वतःहून रांगेत येऊन उभं राहतं. साडेतीन किलोवॅट तासभर द्यायचे तर चांगल्या लिथियम सेलांचं वजन 14 किलोच्या आसपास होतं. ते खांद्यात ठेवलंत तर रोबो तोंडावर आपटेल, म्हणून ते कंबरेजवळ जातं. पंपाची सगळी ताकद कामी येत नाही, काही भाग तेल तापवण्यात जातो, म्हणून ते निववायला पाठीवर जाळी आणि पंखा हवा. ती झाली फुप्फुसं. परतीच्या वाटेवर गाळणी हवी, कारण झिजलेल्या धातूचा कण पंपात गेला की तो आणखी कण खरवडून काढतो. चांगली गाळणी 10 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, इतके बारीक कणही अडवते. आपली तांबडी पेशी 7-8 मायक्रॉनची असते. म्हणजे रोबोचं तेल जवळपास आपल्या रक्तपेशीच्या मापानं गाळलं जातं. छेद काढताना ही गाळणी मी नेहमी मूत्रपिंडांच्या जागी ठेवते.

आणि महाधमनी विसरू नका. आपली महाधमनी ठोक्याला फुगते आणि दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात आक्रसून रक्त पुढे सारते, म्हणून प्रवाह तुटत नाही. तेलाच्या यंत्रणेत हे काम अ‍ॅक्युम्युलेटर करतो. पोलादी बाटली, आत रबरी फुगा, फुग्यात नायट्रोजन. तेल आलं की फुगा दबतो, पंप मंदावला की फुगा तेल बाहेर ढकलतो. चित्रात ही बाटली पंपाला अगदी चिकटून काढा. पुढे सगळं नाट्य हिच्यावर उभं राहणार आहे.

पंपाची जात निवडताना माझं मन नेहमी रोलर पंपाकडे ओढतं. डायलिसिसच्या यंत्रात तोच असतो. नालाच्या आकाराच्या खाचेत एक लवचीक नळी बसवलेली असते आणि मधे फिरणाऱ्या तबकडीला दोन रोलर असतात. रोलर नळी दाबत पुढे जातात आणि रक्त त्यांच्यापुढे ढकललं जातं. एक रोलर नळीवरून उचलला जाण्याआधी दुसऱ्यानं ती दाबलेली असते, त्यामुळे झडपच लागत नाही. रक्त धातूला कुठेच शिवत नाही. एका फेरीत दोन हलके धक्के बसतात. नळीवर बोट ठेवलं तर ते कळतात, आणि नळी कोमट लागते. पहिल्यांदा बोट ठेवलं तेव्हा मी ते चटकन मागे घेतलं होतं. रबरी नळीत कोणाची तरी नाडी लागेल अशी माझी तयारी नव्हती.

हा पंप 210 बार सोसणार नाही, नळी फाटेल. पण मऊ, लहान, कमी दाबाच्या रोबोला तो शोभतो. त्याचं म्हातारपणही ठरलेलं आहे: नळी रोज त्याच जागी चेपली जाते, तिथे ती चपटी होते आणि शेवटी तिथेच चिरते. कोणत्या सेंटिमीटरवर चिरणार ते तुम्हाला आधीच दाखवता येतं.

ठोका हवाच का?

नको असला तरी चालतं. 2011 साली ह्यूस्टनमध्ये डॉक्टरांनी एका रुग्णाचं हृदय काढून त्या जागी अखंड फिरणाऱ्या दोन टर्बाइन बसवल्या. तो माणूस शुद्धीवर आला, घरच्यांशी बोलला, आणि त्याला नाडी नव्हती. हृदयाला आधार देणारे असे अखंड फिरणारे पंप हजारो रुग्णांना बसवले गेले आहेत. त्यातला एक परिचित पंप मिनिटाला 9000 फेऱ्यांच्या आसपास फिरतो. अशा रुग्णाच्या छातीला स्टेथोस्कोप लावला की लब-डबऐवजी किंवा त्याच्यावर चढलेली एक सलग गुणगुण ऐकू येते. तेव्हा माणसाच्या छातीत जर गुणगुण चालत असेल, तर रोबोच्या छातीत धडधड हवीच असा आग्रह कशाला धरायचा?

धडधड तिथेच ठेवा जिथे ती यंत्रातून निघते. रोलर पंपाला धक्के आहेत. पिस्टनच्या पंपाला आहेत, पण ते इतक्या वेगानं येतात की त्यांचा सूर बनतो. चावीच्या घड्याळाला तर उत्तम ठोका आहे: गुंडाळलेली स्प्रिंग बळ देते आणि एस्केपमेंट नावाची दातेरी चाकाची अडसर-यंत्रणा ते बळ दात मोजून सोडते. बळ आणि ताल एकाच पेटीत, सेकंदाला पाच ठोके किंवा आठ. क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. तो आकडा पंधरा वेळा अर्धा करत गेलं की बरोबर 1 उरतो, तो झाला एक सेकंद. हेही हृदयच आहे, पण कानाला न येणारं.

संगणकांच्या जगात तर हार्टबीट हा शब्द रोजच्या वापरातला आहे. एक यंत्र दुसऱ्याला ठरावीक वेळानं 'मी आहे' एवढाच निरोप पाठवत राहतं. निरोप थांबला की दुसरं ते मेलं असं धरून चालतं. प्रोसेसरवर लक्ष ठेवणारा वॉचडॉग टायमरही तसाच. त्याला वेळेवर थाप मिळाली नाही तर तो सगळं बंद करून नव्यानं सुरू करतो. 1997 साली मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर अशाच पहाऱ्यामुळे पुन्हा पुन्हा रीसेट होत होतं. आतली एक महत्त्वाची कामगिरी दुसरीमागे अडकून वेळ चुकवत होती. पृथ्वीवरच्या माणसांनी कारण शोधलं आणि दुरुस्ती तिथून पाठवली. तुमच्या रोबोंची टोळी असेल तर त्यांचा ठोका छातीत ठेवण्यापेक्षा एकमेकांमध्ये ठेवा. एकाचा निरोप चुकला की बाकीचे वळून बघतील.

आवाज लिहायचा असेल तर आधी कान लावा. यंत्रवाले बेअरिंग तपासताना स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या खोक्यावर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवतात. करून बघा, फिरत्या भागापासून हात, केस आणि ओढणी लांब ठेवून. चांगलं बेअरिंग सायीसारखं गुळगुळीत वाजतं. खराब झालेल्यात वाळू असते. आणि पंपाला तेल कमी पडून तो पोकळी ओढायला लागला की आत मूठभर खडी टाकल्यासारखा कडकडतो. 'त्याच्या छातीत खडी वाजू लागली' हे वाक्य कुठल्याही निळ्या गोळ्याच्या लुकलुकण्यापेक्षा जास्त काम करतं, आणि ते खरंही आहे.

थांबल्यावर किती वेळ?

मला जे सांगायचंय त्याचा गाभा हा आहे. हृदय कुठे आहे, कसलं आहे, त्याला रंग कुठला, यापेक्षा ते थांबल्यापासून किती वेळ उरतो, आणि त्या वेळात शरीराचा कोणता भाग कोणत्या क्रमानं जातो, हे आधी ठरवा. आपल्या भाषेनंही जागेची फिकीर केलेली नाही. काळीज हा शब्द यकृतालाही वापरतात आणि धडधडतं ते छातीत. पण 'काळीज थांबलं' म्हटलं की पुढे काय होणार हे सगळ्यांना कळतं.

माणसात क्रम असा: हृदय थांबलं की दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध जाते. चार-पाच मिनिटांनी मेंदूला इजा व्हायला लागते. हाता-पायाचे स्नायू मात्र रक्ताशिवाय तास-दोन तास तग धरतात. म्हणजे आपल्यात डोकं आधी जातं, हात मागे राहतात.

आता रोबोचा हिशेब करा. अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये वापरण्याजोगं 1 लिटर तेल आहे आणि हात हलवायला मिनिटाला 2 लिटर लागतं असं धरा. बॅटरी तुटून पंप थांबला की हाताला 30 सेकंद मिळतात. मेंदूसाठी सुपरकपॅसिटरचा, म्हणजे थोडी वीज साठवून ठेवणाऱ्या भागांचा, वेगळा संच आहे, एकूण क्षमता 100 फॅरड. तो 5 व्होल्टवरून 3 व्होल्टवर उतरेपर्यंत 800 ज्यूल देतो. मेंदू 5 वॅट खात असेल तर 160 सेकंद. क्रम उलटला. रोबोचे हात अर्ध्या मिनिटात जातात आणि त्यानंतर 2 मिनिटं 10 सेकंद तो पूर्ण शुद्धीत, हलता न येणारा, बघत उभा राहतो. त्या 130 सेकंदांत तो काय पाहतो, कोणाशी बोलू शकतो, आवाजाला वीज कुठून येते, तीच वीज वाचवली तर किती सेकंद वाढतात? तुमची गोष्ट इथे आहे.

माझ्या भीमा नावाच्या बचाव-रोबोवर मी अशीच गोष्ट लिहिली होती. कोसळलेल्या घराचा स्लॅब त्यानं दोन्ही हातांवर तोलून धरलाय, खालून माणसं सरपटत बाहेर पडतायत, आणि नळी फुटते. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं: दाब गेला, हात खाली आले. क्रेन चालवणाऱ्या एका वाचकानं तो वाचून विचारलं, "ताई, लॉक व्हॉल्व्ह कुठाय?" मला लाज वाटली, कारण हे मला सुचायला हवं होतं. वजन धरणाऱ्या सिलिंडरच्या अगदी तोंडाशी एक झडप बसवलेली असते. मागची नळी फुटली तरी सिलिंडरमधलं तेल ती कोंडून धरते. वजन खाली पडत नाही.

मी ती गोष्ट पुन्हा लिहिली. भीमाचा पंप थांबला. हात तसेच राहिले. आता त्याला स्लॅब आणखी वर उचलता येत नव्हता, बाजूला ठेवता येत नव्हता, स्वतःला त्याखालून काढून घेता येत नव्हतं. 160 सेकंद त्यानं लोकांना कुठल्या बाजूनं निघायचं ते सांगितलं. मग बोलणं थांबलं आणि हात तरीही वरच होते. झडपेच्या बैठकीतून तेल थेंब थेंब झिरपतच असतं, त्यामुळे रात्रभरात स्लॅब काही मिलिमीटर खाली आला. सकाळी टेकू लावायला आलेल्यांनी खडूची खूण पाहून ते मोजलं. दोन्ही खर्ड्यांत फरक एका झडपेचा होता. म्हणून सांगते, छेद काढताना झडपा सोडू नका.

गळतीबद्दल थोडक्यात. 200 बारच्या नळीला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तर बाहेर येणारी धार डोळ्यांना नीट दिसतही नाही आणि ती कातडीतून आत घुसते. म्हणून माहितगार माणूस गळती हातानं चाचपत नाही, पुठ्ठ्याचा तुकडा नळीजवळून फिरवतो आणि तो कुठे भिजतो ते बघतो. तुमच्या गोष्टीतला रोबोंचा डॉक्टर पहिल्याच भेटीत खिशातून पुठ्ठा काढू दे, वाचक त्याच्यावर विश्वास ठेवील.

भावना कुठून आणायची

रोबोला भीती वाटली आणि त्याचं हृदय धडधडलं, असं लिहायला हात शिवशिवतात. लिहा, पण तारेचा मार्ग दाखवून लिहा. माणसात हृदय बसवल्या ठोक्यावर स्वतःच चालतं, मज्जातंतू फक्त त्याला पळवतात किंवा आवरतात. प्रत्यारोपण केलेल्या हृदयाचे हे तंतू तुटलेले असतात. ते बसल्या जागी जरा जलदच चालतं आणि अचानक दचकलं तरी लगेच धावत नाही. रक्तातून अ‍ॅड्रिनॅलिन पोहोचल्यावर, थोड्या उशिरानं, त्याला बातमी कळते. दुसऱ्याचा पंप बसवलेला रोबो लिहिणार असाल तर हे तपशील तसेच उचला. मेंदू घाबरलेला आहे आणि छाती अजून शांत आहे, हा प्रसंग मला फार हलवून जातो.

चांगल्या रोबोत याच्या नेमकं उलट असतं. पंपाला वेग घ्यायला वेळ लागतो, म्हणून उडी मारायच्या आधीच दाब वाढवून ठेवावा लागतो. म्हणजे उडीचा निर्णय झाला की आधी पंपाचा सूर चढतो आणि पाय नंतर हलतात. जो त्या छातीला कान लावून बसला असेल त्याला रोबोचा निर्णय रोबो हलण्यापूर्वी कळेल. तो 'मी इथेच थांबतो' म्हणाला आणि छातीतला सूर चढला, तर तो थांबणार नाहीये. खोटं बोलणारा चेहरा त्याला देता येईल. पंपाला खोटं बोलायला शिकवायचं तर दाब सतत चढा ठेवावा लागेल आणि मग बॅटरी लवकर संपेल. मला एवढं पुरतं, यापलीकडे रोबोच्या भावनांसाठी वेगळा अवयव मी काढत नाही.

हँडल

छेद पूर्ण झाला, तेलाच्या वाटा एका रंगानं आणि विजेच्या दुसऱ्या रंगानं काढल्या, समासात सेकंद लिहिले, की शेवटी एक भाग काढा: हातानं फिरवायचं हँडल.

एकदा आमच्या विभागात वीज गेली आणि डायलिसिसच्या एका यंत्राची आतली बॅटरी बसलेली निघाली. पंप थांबला. रुग्णाचं रक्त नळ्यांमध्ये, शरीराबाहेर, जवळजवळ पाव लिटर. थांबलेलं रक्त गोठतं आणि गोठलेलं परत देता येत नाही. सिस्टरनं टॉर्च नळीवर धरला आणि मला म्हणाली, "तू फिरव, मी बुडबुडे बघते." रोलरच्या तबकडीत हँडल बसवून मी फिरवायला लागले. सावकाश, एका लयीत, कारण घाई केली तर हवा आत जायची भीती. बुडबुडा टिपणारा सेन्सर तेव्हा बंद होता, त्याच्या जागी सिस्टरचे डोळे होते. माझा दंड भरून आला तेव्हा तिनं विचारलं, हात बदलतेस का? मी नाही म्हटलं. नंतर कळलं की अकरा मिनिटं झाली होती. त्या वेळात रुग्ण एकदाच बोलला. जरा थंडी वाजतेय, म्हणाला.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक रोबोला हँडल असतं. हिशेब त्याच सूत्रानं करा. धडधाकट माणूस हातानं काही मिनिटं 50 वॅट सहज देतो. 210 बारवर त्यातून मिनिटाला जेमतेम सातवा हिस्सा लिटर तेल मिळेल, त्यात हात नेहमीसारखा हलणार नाही. पण 5 वॅटचा मेंदू? तो फिरवणाऱ्याचा दंड चालेल तितका वेळ जागा राहील, आणि आवाजालाही वीज उरेल. दुसरं माणूस आलं, तिसरं आलं, पाळी लावली, तर रात्रभर.

हँडलची जागा बाहेरून हाताला येईल अशी ठेवा, फासळ्यांच्या खाली, उजव्या बाजूला. दुमडून बसणारं असू दे, म्हणजे चालताना अडकणार नाही. अंधारातही चाचपून सापडावं म्हणून मुठीला खाचा काढा. आणि त्याच्या शेजारी कोणत्या दिशेनं फिरवायचं त्याचा बाण, ठसठशीत, रंगानं न काढता धातूत कोरलेला. आमच्या तबकडीवर होता. हँडल बसवताना मी पहिल्यांदा तोच शोधला होता.